आई अजून जेवतेय

बान्नेने आईच्या ताटात पुन्हा भात वाढला, तेव्हा इंदो उपा मावशीने डोळे बारीक केले.

"अगं, किती खायला घालशील तिला?" मावशी कुजबुजली. "चांगली हिंडती-फिरती होती तेव्हासुद्धा एवढं जेवत नव्हती माझी बहीण."

"आज तिला भूक आहे," बान्ने म्हणाली आणि माशाचे काटे काढत बसली. काटे मघाशीच काढून झाले होते, तरी काढत होती.

घराच्या मागच्या खोलीत पश्चिमेला डोकं करून इंदो रेरुंग झोपली होती. लाल कापडात गुंडाळलेली, चेहरा तेवढा उघडा, उशाशी कॉफीचा कप. इंदो रेरुंग म्हणजे रेरुंगची आई. थोरल्या लेकाच्या नावाने आईला हाक मारायची आमच्याकडे रीतच आहे, मग तो लेक कितीही नालायक निघो. तिचा श्वास थांबल्याला तीन वर्षं झाली होती. पण आमच्या तोराजाच्या डोंगरात नुसता श्वास थांबला म्हणून कोणी मरत नाही. माणूस आजारी असतं. त्याला वेळेवर जेवण द्यायचं, कॉफी द्यायची, पान-सुपारी द्यायची, खोलीत शिरताना 'येऊ का' म्हणून विचारायचं, शेजारी कोण कोणाशी भांडलं ते सांगायचं. मग सगळं गणगोत जमतं, अंगणात बांबूचे मांडव पडतात, आणि एके सकाळी तिथे पहिला रेडा पाडतात. त्या घटकेला आजारी माणूस मरतं. त्याच्याआधी त्याला मेलेलं म्हणायची कोणाची टाप नाही.

तो रेडा आज पडायचा होता. खाली अंगणात खुंटाला बांधून ठेवला होता, पुढच्या पायात दोर, आणि बाजूला पासांग नावाचा धिप्पाड गडी सुरा मांडीवर घेऊन विडी ओढत बसला होता. मांडव गच्च भरले होते. आणि रेरुंगचा पत्ता नव्हता.

"काही कळलं का गं?" बान्नेने विचारलं.

"भाताच्या कोठाराशी जाऊन आले. तिथेच काय ती रेंज येते. मेसेज आहे." मावशीने मोबाइल डोळ्यांपासून लांब धरून वाचला. "बस एनरेकांगच्या घाटात अडकलीय. दरड कोसळलीय. एका मोटारसायकलवाल्याला पटवून मागे बसलोय, म्हणतोय. बॅटरी संपत आलीय."

"कधीचा मेसेज?"

"पहाटेचा."

पहाटे घाटात म्हणजे आत्ता कुठे असेल, हा हिशोब बान्ने मनाशी करू लागली आणि तो काही केल्या जमेना. त्यात खालच्या रस्त्यावर पाहुण्यांच्या ट्रकांची रांग लागलेली. मोटारसायकल तर सोडाच, त्यातून कुत्रंसुद्धा निघालं नसतं.

आता रेरुंग आला नाही तर एवढं काय बिघडतं, असं कोणी म्हणेल. लोक पापुआहून, बोर्निओहून येतात, कधी उशीर होतो, कधी येणंच होत नाही. पण रेरुंगची गोष्ट वेगळी होती, आणि ती सगळ्या गावात फक्त बान्नेला आणि मावशीला माहीत होती. तिसरी माहीत असलेली बाई म्हणजे खुद्द इंदो रेरुंग.

आई आजारी पडली त्या दिवशी बान्नेने भावाला फोन लावला होता. तो पापुआत खाणीत कामाला. बान्नेने सांगितलं, दादा, आई आजारी पडली, ये. तो म्हणाला, रजा नाही. ती म्हणाली, बरं, मग निदान तिच्याशी दोन शब्द बोल, तिला बरं वाटेल. तिने स्पीकर चालू केला आणि फोन आईच्या कानाशी धरला. आणि त्या गाढवाने काय म्हणावं? "आई मेलीय, बान्ने. मेलेल्या माणसाशी मी काय बोलू? पुरून टाका आणि मोकळे व्हा."

आईच्या कानात. तिच्या स्वतःच्या घरात, तिच्या अंथरुणावर.

बान्नेने फोन बंद केला, पण शब्द आत गेले ते गेले. त्या दिवसापासून तिच्या जिवाला घोर लागला. स्पीकर तिने चालू केला होता ना. आजारी माणसाला मेलं म्हटलं की त्याने समजायचं काय? आपल्या पोटच्या पोराने आपल्याला आधीच घालवून दिलं, हेच. आणि हे मनात ठेवून आई निघाली, पाडलेल्या रेड्याच्या पाठीवर बसून पलीकडच्या मुलखाला पोचली, तर तिथून ती कोणत्या तोंडाने त्याच्या लेकराबाळांकडे बघेल? बघेल तरी का? नंतर कितीही माफी मागितली तरी उपयोग नव्हता. मेल्यावर आईला नवस बोलता येतात, तिच्याशी भांडण मिटवता येत नाही.

रेरुंगने तीन वर्षं तोंडाला कुलूप घातलं होतं. मग परवा-परवा त्याचा फोन आला. आवाज बसलेला. "मी पोचल्याशिवाय काही करू नका. मला तिच्याशी बोलायचंय. ती आजारी आहे तोवर." त्याच्या तोंडून 'आजारी' हा शब्द ऐकला आणि बान्ने होती तिथे पायरीवर बसली.

तेव्हा आज हा भात, हा मासा, हे सगळं त्याच्यासाठी चाललं होतं. कारण जेवत्या माणसाच्या अंगणात सुरा उपसायचा नाही, हे आमच्याकडे पासांगलाही ठाऊक आहे. आई जेवत होती तोवर रेडा उभा होता.

बाहेर माइक खरखरला. माइकवाला नको तितका विनम्र माणूस. "आदरणीय पाहुणे मंडळी, इंदो रेरुंग यांचं जेवण अद्याप चालू आहे. कृपया आपण कॉफी घ्यावी."

मांडवात कोणीतरी फिसकन हसलं. दुसरा कोणी म्हणाला, "घेतली की. पोटात तळं साचलंय."

"ऐकलंस?" मावशी म्हणाली.

"ऐकलं. तो वाटाण्याएवढा भाताचा गोळा दे इकडे."

जिना करकरला. ने किडिंग, म्हणजे किडिंगचे आजोबा, वर येत होते, घराण्यातले सगळ्यात थोरले, आईचे चुलते. गुडघे कामातून गेलेले, तरी जिना चढले म्हणजे प्रकरण पेटलं होतं. त्यांनी दारातून आत डोकावून रीतीप्रमाणे आधी आजारी माणसाला विचारलं, "येऊ का, बाळ?" मग बान्नेकडे वळले.

"काय वाढलंयस?"

"भात, आजोबा. मासा. डुकराचं बांबूतलं मटण अजून यायचंय."

"अजून यायचंय?"

"तिला आवडतं."

ने किडिंगनी ताटाकडे पाहिलं, पुतणीकडे पाहिलं, मग बान्नेकडे. म्हातारा मूर्ख नव्हता. पण 'ती काही जेवत नाहीये' असं म्हणायची सोय त्यांनाही नव्हती. ते म्हणाले, "पोरी, सूर्य डोक्यावर यायच्या आत रेडा पडला पाहिजे. माझ्या बापाचा तसाच पडला, तुझ्या बापाचा तसाच पडला. सूर्य कलल्यावर या घराच्या अंगणात पहिला रेडा पाडत नाहीत. आज चुकलं तर पुढच्या कापणीनंतर बघायचं. या सगळ्या लोकांना तोंड कोण दाखवणार, तू का मी?"

"ती जेवली की सांगते, आजोबा."

"सावकाश जेवू दे," ते म्हणाले. "पण जेवू दे. खेळवू नकोस." आणि भिंतीचा आधार घेत उतरून गेले.

मावशी बांबूतलं मटण आणायला गेली आणि येताना पुन्हा कोठाराशी थांबली. फोन लागत नव्हता. खिडकीतून उन्हाचा पट्टा आत आला होता आणि तो आईच्या पायांवरून हळूहळू खाली जमिनीकडे चालला होता. बान्ने त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवायची आणि बघायची.

"आई, मटण," ती म्हणाली. "गरम आहे, थांब, फुंकते. दादा येतोय. वाटेत दरड पडली म्हणून. तू रागावू नकोस त्याला. म्हणजे रागाव, पण ऐकून घे आधी." मग तिने गावातलं काय काय सांगायला घेतलं. कोणाच्या मांडवावर पत्रे गळके निघाले, कोणी कोणाचं डुक्कर बघून नाक मुरडलं, शेजारणीने नवी काळी साडीसारखी लुंगी नेसलीय आणि ती तिला अजिबात शोभत नाहीये. तीन वर्षं ती हेच करत आली होती. तिची स्वतःची पोरं मोठी होऊन माकासरला शिकायला गेली, नवरा शेतात. दिवसभर बोलायला माणूस म्हणजे आई. हिंडत्या-फिरत्या आईशी तिचं इतकं पटलं नव्हतं, खरं सांगायचं तर. आई मधे मधे बोलायची फार.

मावशी हे ऐकत होती. मग म्हणाली, "एक विचारू? चिडशील."

"मग नको विचारूस."

"हे रेरुंगसाठी चाललंय, का तुझ्यासाठी?"

बान्नेने तिच्याकडे रोखून पाहिलं.

"नाही, मी आपलं विचारते," मावशी म्हणाली. "सूर्य कलला तर आणखी वर्षभर तुझी आई तुझ्यापाशी राहील. तुला वाईट वाटेल असं मला काही दिसत नाही."

"मावशी, तू पान लाव. आईला जेवणानंतर पान लागतं."

"लावते. मी काय, लावते. पण पान म्हणजे शेवट. त्याच्यापुढे वाढायला काही उरत नाही, एवढं लक्षात ठेव."

मावशीचं बोलणं बान्नेच्या वर्मी लागलं होतं. सकाळपासून एक विचार तिच्या मनात डोकं वर काढत होता आणि ती त्याला दाबत होती: नाहीच आला तर? नाहीच पडला रेडा तर? उद्या सकाळी पुन्हा कॉफी, पुन्हा 'येऊ का'. तिला स्वतःची लाज वाटली आणि तरी तो विचार गोड वाटला.

खाली रेडा फुरफुरला. लोकांचा आवाज चढत चालला होता. आता हसणं थांबलं होतं. रागाने बोलत होते. ऊन आईच्या अंगावरून उतरून जमिनीवर आलं होतं, खिडकीच्या अगदी जवळ. माइकवाल्याने पुन्हा जेवणाचं सांगितलं तेव्हा त्याचाही आवाज जरा चिडलेला वाटला.

आणि मग मांडवांच्या मागून गलका झाला. कोणीतरी ओरडलं, "अरे वाट द्या, वाट द्या त्याला." जिन्यावर धडधड पावलं वाजली आणि दारात रेरुंग उभा राहिला. कमरेपर्यंत चिखल. एका पायात बूट, दुसऱ्यात नाही. केस पिकलेले. बान्नेने त्याला अखेरचं पाहिलं तेव्हा ते काळे होते.

तिचा जीव भांड्यात पडला. रडूच फुटणार होतं, पण तिने गिळलं. आजारी माणसापुढे रडत नाहीत. "दादा, विचार आधी," ती हळूच म्हणाली.

रेरुंगने चौकटीला धरलं.

"आई... येऊ का?"

तो आत येऊन गुडघ्यांवर बसला. आईच्या चेहऱ्याकडे बघवेना म्हणून तिच्या पायांकडे बघत बसला. बान्ने उठायला लागली तर त्याने तिचा हात धरला. "बस. तुझ्यासमोरच बोललो होतो तेव्हा."

"बोल मग. वेळ नाहीये."

"काय बोलू?"

"एवढ्या लांबून काय बोलायला आलास ते बोल," मावशी कडाडली. "बहिणीने सकाळपासून ताट धरून ठेवलंय तुझ्यापायी. अंगणात लोक मला खायला उठलेत."

रेरुंगने मान हलवली. मग तो आईशी बोलायला लागला, खाली मान घालून, शाळेतल्या पोराने मास्तरांपुढे बोलावं तसं. "आई, कशी आहेस? बरं वाटतंय का? मला... मी तेव्हा बोललो ते. तू ऐकलंस. मला माहितीय तू ऐकलंस." तो थांबला. "तू आजारी आहेस म्हटलं असतं, तर मला यावं लागलं असतं. आजारी आईकडे न येणारा पोरगा म्हणजे काय माणूस झाला? मेलीस म्हटलं की मग घाई उरत नव्हती. म्हणून म्हटलं. रजा मिळत होती, आई. मागितलीच नव्हती. मला तुला असं बघायचं नव्हतं. भ्यालो. आता रागाव मला. काय करायचं ते कर, पण जाताना माझ्यावर रुसून जाऊ नकोस."

बान्ने आईच्या चेहऱ्याकडे बघत होती. आईचा चेहरा होता तसाच होता, मिटलेले ओठ, जरा वर उचललेली हनुवटी. ती ऐकत असली की अशीच दिसायची. निदान बान्नेला तसं वाटलं, आणि तीन वर्षांत आईला काय वाटतं हे तिच्याशिवाय दुसरं कोण सांगणार होतं?

"ऐकलं तिने," ती म्हणाली.

"रागावलीय का?"

"होती. आता नाही."

रेरुंगने बाहीने तोंड पुसलं, चिखल गालभर पसरला. मग त्याने बान्नेच्या हातातलं ताट घेतलं. "मी देतो तिला. मी एकदाही दिलं नाही." त्याने मटणाचा बारीक तुकडा केला, भातात कालवला, आईच्या ओठांशी धरला. मग दुसरा घास. मग म्हणाला, कॉफी गार झालीय, दुसरी करा. मग म्हणाला, तिला तिळाची ती गोड वडी आवडायची, ती कुठाय?

"दादा."

"थांब गं. जेवू दे तिला नीट."

खालून ने किडिंगचा आवाज आला. माइक नाही, काही नाही, नुसता म्हातारा घसा. "बान्ने! जेवली का तुझी आई?"

रेरुंगने मान वर केली नाही. घासातलं एक शीत आईच्या हनुवटीवर पडलं, ते त्याने बोटाने टिपलं आणि पुन्हा तिच्या ओठांशी नेलं. बान्नेने ते पाहिलं. सकाळपासून आपण हेच करत बसलो होतो, अगदी असंच, हे तिला आत्ता दिसलं. खिडकीखाली उन्हाचा पट्टा बोटभर उरला होता. ती नुसती गप्प राहिली असती तरी पुरलं असतं. ने किडिंगनी आणखी एकदा हाक मारली असती, लोक चिडले असते, ऊन गेलं असतं, आणि आई तिची राहिली असती.

आईचं पोट केव्हाच भरलं होतं.

"दादा, तू थोरला. तू खाली जाऊन सांग."

रेरुंग हबकला. "मी नाही. मी ते एकदा बोललोय, बान्ने. पुन्हा माझ्या तोंडून नको."

मावशीने लावलेलं पान बान्नेने तिच्या हातातून घेतलं. ते आईच्या ओठांशी टेकवलं आणि उशाशी ठेवलं. मग भावाच्या हातातलं ताट काढून घेतलं. त्याने घट्ट धरून ठेवलं होतं, तिला ओढावं लागलं. ताट घेऊन ती जिन्याच्या वरच्या पायरीवर आली. सगळे मांडव तिच्याकडे बघत होते. ताट तिने पोटाशी असं धरलं होतं, जणू कोणी ते हिसकावणार आहे.

"आईचं जेवण झालं," ती म्हणाली.

"काय?" ने किडिंगनी कानामागे हात धरला.

"झालं तिचं. पोट भरलं."

म्हाताऱ्याने मान डोलावली. पासांगने विडी टाकली, उठला, दोर आवळला. एकच घाव. रेडा क्षणभर उभा राहिला, जणू त्याला कोणी काही सांगितलंच नव्हतं, मग पुढच्या गुडघ्यांवर आला आणि कुशीवर पडला. लोकांतून हुंकार उठला. एका घावात पडला, चांगलं झालं. मांडवातल्या बायकांनी सूर धरला, मोकळ्या आवाजाने रडू लागल्या. आता रडायला हरकत नव्हती. पुरुष गोल करून हातात हात गुंफायला लागले.

बान्ने वळली आणि घाईघाईने आत निघाली. दारात रेरुंग उभा होता. त्याच्यामागे मावशी आणि आणखी दोघी जणी आईचं अंथरूण धरत होत्या, डोकं दक्षिणेला, मेलेल्यांच्या मुलखाच्या दिशेला, फिरवायला.

"कुठे चाललीस?" त्याने विचारलं.

"आईला सांगून येते."

"काय?"

"रेडा एका घावात पडला म्हणून. तिला काळजी होती."

बोलून झालं आणि मग तिला स्वतःचे शब्द ऐकू आले. ती तिथेच थबकली, रिकामं ताट हातात. रेरुंगने तिच्याकडे पाहिलं. तीन वर्षांपूर्वी जे बोलायची त्याला एवढी घाई झाली होती, ते आता खरं होतं आणि बोलायला पूर्ण मोकळीक होती. तो चौकटीतून बाजूला सरकला.

"जा," तो म्हणाला. "सांगून ये."